फोटोच्या पाठीमागची ओळ

गणपती जवळ आले की पेण आणि रोह्याच्या हौशी फोटोग्राफर मंडळींमध्ये दोन प्रश्न हमखास फिरायला लागतात. पेणच्या एखाद्या कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चाललेली असते, कुणीतरी त्याचा झक्कास फोटो टाकतो आणि लगेच विचारणा सुरू होते : "भावा, लेन्स कुठली?" आणि "एडिट कशात केलंस? लाइटरूम की स्नॅपसीड?" उत्तरंही तितक्याच तत्परतेनं मिळतात. पन्नासची लेन्स, अ‍ॅपर्चर एवढं, आयएसओ तेवढा, प्रीसेट हवा असेल तर पाठवतो. दसऱ्यानंतर रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते, पोलिसांची सशस्त्र सलामी होते, तेव्हाही हेच. कुंडलिकेवरचं धुकं, अवचितगडावरचा पाऊस, खाडीतले रोहित पक्षी, सगळ्याला हेच दोन प्रश्न.

तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारताना मला दिसत नाही. हा कारखाना कुठल्या गावातला? फोटो कुठल्या वर्षीचा? आखणी करणारा हा माणूस कोण?

आज याच तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे. पोस्ट जरा मोठी आहे, सवडीनं वाचा. कारण फोटो एकमेकांना दाखवणं, सामानाची चर्चा करणं, एडिटच्या युक्त्या सांगणं ही आपली इन्स्टाग्रामच्या काळातली सवय वाटत असली तरी आपल्या मुंबई-कोकण पट्ट्यात ती पावणेदोनशे वर्षांच्या आसपास जुनी आहे. आणि त्या जुन्या मंडळींनी काय सांभाळलं, काय हरवलं, हे पाहिलं तर आपण आज काय हरवतो आहोत ते नीट कळतं.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला दागेर यांची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली. पुढच्या पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ साली, मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' उभी राहिली. लंडनची सोसायटी १८५३ ची, म्हणजे आपण तिच्या मागे जेमतेम एक वर्ष. कलकत्ता आणि मद्रासच्या सोसायट्या १८५६ च्या. हिंदुस्थानातली पहिली ती मुंबईची.

हिचे सभासद बहुतेक हौशी. लष्करी अधिकारी, सरकारी नोकर, डॉक्टर. गोऱ्यांचाच भरणा जास्त, पण आपलीही माणसं होती. डॉ. भाऊ दाजी लाड सोसायटीत होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढायचे आणि सोसायटीच्या कार्यकारी मंडळावरही होते. दिवसा रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात काचा, रसायनं आणि कॅमेरा. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही निघाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत व्यावसायिक स्टुडिओ चालवू लागले.

सोसायटीच्या बैठकांत काय चालायचं? आपलंच. सभासद आपापली चित्रं आणायचे, एकमेकांना दाखवायचे, रसायनांची प्रमाणं सांगायचे. १८५५ पासून सोसायटीनं स्वतःचं नियतकालिक काढलं. जे कळलं ते छापून टाकायचं, म्हणजे दुसऱ्याचा वेळ आणि पैसा वाचेल, असा साधा हिशेब. हा मोकळेपणा मला फार आवडतो. आपल्याकडे आजही एखादा जुना जाणता पोरांना फुकट शिकवतो, तो त्याच वृत्तीचा.

तेव्हाचं सामान मात्र बघा. १८५१ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनची पद्धत जाहीर केली. काचेवर चिकट कोलोडियन एकसारखं ओतायचं, काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा, आणि उकाड्यात त्याहूनही कमी. म्हणजे डोंगरावर फोटो काढायचा तर डोंगरावरच काळा तंबू ठोकून डार्करूम करायची. काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, स्वच्छ पाणी, तंबू आणि हे सगळं वाहायला हमाल. आपण ट्रायपॉड जड आहे म्हणून घरी ठेवून जातो!

हवामानाचं दुखणंही तेच. कोकणातल्या दमट हवेनं तेव्हा कागद आणि रसायनं खराब व्हायची, आता लेन्सला बुरशी लागते. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, पुड्या अधूनमधून गरम करून पुन्हा वापरा, कॅमेरा आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा, बंद कपाटात कातड्याच्या केसमध्ये कोंडून ठेवू नका. पेण-रोह्याकडच्या फोटोग्राफरला लेन्सच्या किमतीपेक्षा हा सल्ला जास्त उपयोगी. असो.

आता एडिटिंग. "हल्ली सगळं एडिट केलेलं असतं, पूर्वीचे फोटो खरे" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. हे काही खरं नाही. त्या काळची रसायनं निळ्या प्रकाशाला इतकी हळवी होती की जमीन नीट आली की आकाश पांढरंफेक पडायचं. मग फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची चित्रं केली तेव्हा समुद्राची एक काच आणि ढगांची दुसरी काच, अशा दोन जोडून एक चित्र छापलं. आज मोबाइलमध्ये बोट फिरवून आपण आकाश बदलतो, तेच ते.

मुंबईतही हे झालं. विल्यम जॉन्सन हे सोसायटीच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. त्यांनी विल्यम हेंडरसन यांच्याबरोबर १८५६ ते १८५८ या काळात 'द इंडियन अ‍ॅमेच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' काढला. दर महिन्याला एक भाग, त्यात छापील चित्रं नव्हेत तर खरेखुरे फोटो चिकटवलेले. आज आपण महिन्याचे निवडक फोटो एकत्र करून टाकतो, त्याचंच हे पणजोबा. पुढे जॉन्सननी मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींवर दोन खंडांचं पुस्तक केलं. पहिला खंड १८६३ चा, गुजरात, कच्छ, काठेवाडचा. दुसरा १८६६ चा, महाराष्ट्राचा. त्यातल्या अनेक चित्रांत गंमत अशी की माणसं एका ठिकाणची आणि मागचा देखावा दुसरीकडचा. माणसांचा फोटो वेगळा काढलेला आणि तो कापून-जोडून देवळाच्या, रस्त्याच्या किंवा किनाऱ्याच्या दृश्यावर बसवलेला. बघणाऱ्याला वाटावं, ही मंडळी तिथंच उभी होती.

म्हणजे बॅकग्राउंड बदलणं आपण शोधलेलं नाही. पण या पुस्तकातली मला खटकणारी गोष्ट जोडकाम ही नाही. खटकतं ते चित्राखालचं लिखाण. तिथं जात आहे, धंदा आहे, पेहराव आहे. माणसाचं नाव नाही. कॅमेऱ्यासमोर ताटकळत उभ्या राहिलेल्या त्या बाईचं नाव काय, तो म्हातारा कुठल्या गल्लीत राहायचा, याची कुणी विचारपूस केलेली दिसत नाही. त्यांचे चेहरे दीडशे वर्षं टिकले, ती माणसं मात्र नमुने होऊन राहिली.

हे एकट्या जॉन्सनचं नव्हतं. गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॅनिंग यांच्या काळात मुलकी आणि लष्करी अधिकाऱ्यांना, त्यातल्या हौशी फोटोग्राफरांना, देशातल्या लोकांचे फोटो जमवायला सांगण्यात आलं. सुरुवात हौसेची. पण १८५७ नंतर राज्य करायला ही माहिती हवीच होती. त्यातून 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ मध्ये बाहेर पडला. त्यात अमुक जमात शांत, तमुक जमात चोरटी, असे शेरे. हौशी माणसानं काढलेला फोटो सरकारी नोंदीत जातो तेव्हा त्याखाली कुणीतरी काहीतरी लिहितंच. तुम्ही नाही लिहिलं तर दुसरा लिहितो, आणि त्याच्या सोयीचं लिहितो.

आता आपल्याकडे या. पेण, सुधागड, रोह्याच्या डोंगरकडेला कातकरी वाड्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. पावसाळा संपला की यांतली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातात. विस्कटलेल्या केसांचं, पिंगट डोळ्यांचं, हसणारं कातकरी पोर हा आपल्या फोटोग्राफर मंडळींचा अत्यंत आवडता विषय. चेहरा थोडा उजळायचा, मागचं सगळं काळं करायचं आणि खाली एकच शब्द : 'निरागस'. शे-दीडशे लाइक.

त्या पोराचं नाव काय? वाडी कुठली? ते शाळेत आहे का आईबापांबरोबर भट्टीवर? तो फोटो त्याच्या घरी कधी पोचला का? आईबापांना विचारलं होतं का? १८६३ साली विल्यम जॉन्सननी जे केलं त्यात आणि यात फरक कॅमेऱ्याचा. बाकी रीत तीच. तेव्हा राज्य परकं होतं असं तरी म्हणता येत होतं. आता तर दोन-तीन मैलांवरच्या शेजाऱ्याचा फोटो आपण नमुना म्हणून काढतो.

कुणी म्हणेल, आम्ही हौशी माणसं, आम्हाला कशाला या भानगडी? हौशी मंडळ आणि सार्वजनिक प्रश्न यांची फारकत कधीच नव्हती. कलकत्त्याच्या सोसायटीत राजेंद्रलाल मित्र हे मोठे विद्वान पदाधिकारी होते. १८५७ साली त्यांनी नीळवाल्या गोऱ्या मळेवाल्यांच्या विरोधात जाहीर भाषण केलं. झालं, फोटोग्राफिक सोसायटीतल्या गोऱ्या सभासदांना ते झोंबलं आणि मित्रांना सोसायटीतून काढलं. भाषण निळीच्या शेतकऱ्यांबद्दल, शिक्षा फोटोच्या क्लबात! तेव्हा "इथं फक्त फोटोबद्दल बोला" हे वाक्य ऐकलं की मला राजेंद्रलाल आठवतात.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १८८८ मध्ये कोडॅकचा रोलवाला कॅमेरा आला, १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला आणि फोटो काढायला रसायनशास्त्र यावंच लागतं ही अट संपली. आपल्या गावांत कॅमेरा हळूहळूच पोचला. बहुतेक घरांतला पहिला फोटो मुंबईच्या स्टुडिओतला, चाकरमान्यानं काढून गावी धाडलेला. नंतर साठ-सत्तरच्या दशकांत घरोघरी नसला तरी आळीत एखाद्याकडे आग्फाचा क्लिक थ्री असायचा. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. बारा म्हणजे बाराच. मुंजीचे चार, गणपतीचे दोन, उरलेले पुढच्या लग्नापर्यंत राखून ठेवायचे. धुऊन येईपर्यंत काय आलंय ते कळायचं नाही.

आणि त्या फोटोंच्या पाठीमागं लिहिलेलं असायचं. 'चि. अमक्याची मुंज, पेण, वैशाख.' 'डावीकडून तिसरी माई.' मोजके फोटो असल्यामुळं लिहायला वेळही होता आणि लिहिलं नाही तर पुढच्या पिढीला ओळख पटणार नाही ही जाणीवही होती. जुन्या अल्बममधून फोटो उचकटून पाठ पाहा, कितीतरी घरांत ही एक ओळ सापडते.

ती ओळ नसेल तर काय करायचं? मग चित्रातच पुरावे शोधायचे. पाटीवर 'जि. कुलाबा' असेल तर फोटो बहुधा १९८१ च्या आधीचा, कारण त्या वर्षी जिल्ह्याचं नाव रायगड झालं. रोह्याचा फोटो असेल आणि त्यात रेल्वे असेल तर १९८६ नंतरचा, कारण रूळ तेव्हा आपट्याहून रोह्याला पोचले. रोह्याच्या पुढे सुटणारी कोकण रेल्वेची लांब पल्ल्याची गाडी असेल तर नव्वदच्या दशकातला किंवा अलीकडचा, कारण पूर्ण मार्ग खुला झाला तो जानेवारी १९९८ मध्ये. हमरस्त्याच्या दगडावर १७ आकडा असेल तर जुना, ६६ असेल तर नवा. हे कोडं सोडवायला मजा येते, मान्य. पण ज्याला एक ओळ लिहून भागलं असतं, त्यासाठी नातवंडांनी गुप्तहेर व्हायचं का?

दरम्यान मुंबईत हौशी फोटोग्राफीला मोठं वळण लागलं होतं. १९३७ साली 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया' सुरू झाली, १९५३ साली देशभरच्या क्लबांचा महासंघ झाला. स्पर्धा, प्रदर्शनं, पदकं. या मंडळींनी तंत्र घासूनपुसून लख्ख केलं, पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं, त्यांचे उपकार आहेतच. पण या सलोनच्या चित्रांची नावं बहुतेक भावनेची असत. 'सांजवेळ', 'प्रतीक्षा', 'परतीची वाट' अशा धाटणीची. होडी कुठल्या बंदरातली, कोळीण कुठली, हे सांगितलं तर चित्राचं कलामूल्य जणू कमी होईल अशी समजूत. आपण आज 'वाइब्ज' आणि 'मॉन्सून मूड' लिहितो त्याची वंशावळ इथं आहे.

दुसरी परंपराही होती, तिची आठवण कमी काढली जाते. गो. नी. दांडेकर आपल्याला लेखक म्हणून माहीत. पण गोनीदा आयुष्यभर किल्ले हिंडले आणि फोटो काढत राहिले. पेशा लेखणीचा, कॅमेरा हौसेचा. 'गोनीदांची दुर्गचित्रे' हे पुस्तक चाळा. त्यातला प्रत्येक फोटो अमुक गडाचा आहे, अमुक दरवाज्याचा आहे. तेव्हा तो बुरूज कसा होता, तट किती शाबूत होता, हे आज पाहायला त्याचा उपयोग होतो. त्या फोटोंचं बळ त्यांच्या पत्त्यात आहे. आपल्याच जिल्ह्यातलं आणखी एक उदाहरण देतो, फोटोचं नाही पण नोंदीचं. सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला राहून सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा अभ्यास केला. रोज बघायचं आणि रोज टिपायचं. घरटी किहीमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली होती. शास्त्राला नवी गोष्ट मिळाली ती लिहून ठेवल्यामुळं.

आणि व्यावसायिकांतलं एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुंबईचे नारायण विनायक विरकर. जालियनवाला बागेतल्या हत्याकांडानंतर, १९१९ मध्ये, त्यांनी तिथं जाऊन भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणांचे फोटो काढले. त्यात ना धुकं, ना सोनेरी प्रकाश. भिंत, भोकं आणि शेजारी उभी माणसं. ही भिंत कुठली आणि फोटो कधीचा हे पक्कं आहे, म्हणून शंभर वर्षांनंतरही त्या फोटोंना कुणी नाकारू शकत नाही.

आता प्रश्न असा की पेण-रोह्यात असं काय घडतंय की आपल्या फोटोंना पुरावा व्हावं लागेल? भरपूर घडतंय.

पहिलं, गणपतीच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मूर्तिविसर्जनाची सुधारित नियमावली मे २०२० मध्ये आली, तेव्हापासून पीओपीचा वाद पेटलेला आहे. एक बाजू म्हणते, पेणचा गणपती मुळात शाडूचाच. दुसरी म्हणते, हमरापूर-जोहे-कळवे भागातली हजारो कुटुंबं आज पीओपीवर उभी आहेत, एकदम थांबवता येणार नाही. दोन्ही बाजूंचं ऐकायला हवं. पण पीओपी नेमकं कधी आलं, कुठल्या कारखान्यात आधी, साचे कधी बदलले, मूर्तींची उंची कधी वाढली, कारखान्यात बायका कामाला कधीपासून दिसतात, याचा चित्रमय इतिहास कुठं आहे? गेल्या पंचवीस वर्षांत पेणच्या कारखान्यांचे किती फोटो निघाले असतील याची गणतीच नाही. पण साल, गाव, कारखाना लिहिलेले किती? वादात उपयोगी पडतील असे त्यातून निवडायला बसलो तर ओंजळभर निघतील.

दुसरं, खारभूमी. पेणच्या खाडीकाठच्या गावांना नवीन सांगायला नको. बंधाऱ्याला खांड पडते, खारं पाणी भातशेतीत घुसतं, दोन-चार वर्षांत तिथं खारफुटी उगवते आणि मग शेतकऱ्यालाच सिद्ध करावं लागतं की बाबांनो, इथं शेत होतं. सातबारा असतोच. पण खांड कुठल्या महिन्यात पडली, पाणी कुठपर्यंत आलं, त्या वर्षी भात उभं होतं का, हे दाखवणारा तारखेचा एक फोटो त्या शेतकऱ्याला सोन्याच्या मोलाचा. आणि तिथंच आपला फोटोग्राफर मित्र बगळ्यांचे आणि सूर्यास्ताचे फोटो काढून गेलेला असतो. त्याच्या फोटोत मागं ते शेत आहे. फक्त गावाचं नाव नाही आणि तारीख गेली.

तिसरं, महामार्ग. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, त्याची रखडपट्टी आपण सगळ्यांनी भोगली. रस्त्याकडची जुनी झाडं गेली, टपऱ्या गेल्या, वडखळचा नाका ओळखू येईनासा झाला. कुठलं झाड कुठल्या मैलावर होतं?

चौथं, वादळ. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर धडकलं. उडालेले पत्रे, झोपलेल्या नारळी-पोफळीच्या बागा. पंचनाम्याच्या वेळी लोक मोबाइल घेऊन आपापले फोटो दाखवत होते. ज्याच्याकडे पडण्याआधीच्या बागेचाही फोटो होता त्याला आपलं नुकसान समजावून सांगणं सोपं होतं.

पाचवं, कुंडलिका. पाण्याचा रंग बदलला, मेलेले मासे काठाला लागले की फोटो पडतात. चांगली गोष्ट आहे, पडायलाच हवेत. पण इथं एडिटचा हात आवरायला हवा. रंग भडक करायची सवय बोटांना इतकी लागलेली असते की नदीचं तपकिरी पाणी आपण सहज लालभडक करतो. अशा फोटोवर उद्या समोरचा एकच वाक्य बोलेल, "हे एडिट केलेलं आहे." आणि खरी तक्रारही त्यात वाहून जाईल. पालखीचा फोटो हवा तितका रंगवा. नदीच्या फोटोला हात लावू नका.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, तारीख तर फोटोच्या फाइलमध्येच असते. बरोबर. कॅमेरा आणि मोबाइल प्रत्येक फोटोत तारीख, वेळ, सेटिंग आणि परवानगी दिली असेल तर ठिकाणही लिहून ठेवतो. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की फाइल दाबून लहान होते आणि ही आतली माहिती गळून पडते. समोरच्याकडे पोचतं ते फक्त चित्र. तो पुढे पाठवतो, तिसरा स्टेटसला ठेवतो, चौथा स्क्रीनशॉट काढतो. आठवडाभरात फोटो गावभर होतो आणि अनाथही होतो. आजोबांच्या फोटोच्या पाठीमागची ओळ निदान कागदाला चिकटलेली होती.

म्हणून पेण-रोह्याच्या सगळ्या कॅमेरेवाल्यांना, मोबाइलवाल्यांना माझं सांगणं थोडक्यात असं.

एक. महत्त्वाचा फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

दोन. एडिट खुशाल करा, पण प्रतीवर. मूळ फाइल कधीही पुसू नका. दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, एकच हार्ड डिस्क म्हणजे काहीच नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का तेही एकदा तपासा, कितीतरी कॅमेरे बॅटरी काढल्यापासून भलत्याच सालात जगत असतात.

तीन. फोटोखाली चार गोष्टी लिहा : गाव आणि जागा, तारीख, माणूस असेल तर त्याच्या परवानगीनं त्याचं नाव, आणि काही जोडलं-काढलं असेल तर तसं स्पष्ट. लेन्सचं नाव पाचवं लिहा, हरकत नाही. अपवाद एकच, दुर्मीळ पक्ष्याचं घरटं किंवा ढोल असेल तर जागा लिहू नका. फणसाडच्या जंगलात गर्दी करून शेकरूला हैराण करण्यात शहाणपण नाही. स्वतःच्या वहीत मात्र नोंद ठेवा.

चार. लहान मुलांचे, वाडीवरच्या माणसांचे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. आणि विचारून काढलेत तर एक प्रिंट काढून त्यांना नेऊन द्या. पंधरा-वीस रुपयांचं काम आहे.

पाच. घरातले जुने अल्बम काढा. फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहा. बॉलपेननं लिहू नका, दाब पडून समोरच्या बाजूला वळ उठतात आणि शाई फुटते. कोण, कुठं, साधारण कुठलं साल. जे ठाऊक नाही तिथं प्रश्नचिन्ह करा, अंदाज ठोकून देऊ नका.

यातलं पाचवं काम सगळ्यांत घाईचं आहे. बाकीचं पुढच्या वर्षीही करता येईल. पण 'डावीकडून तिसरी कोण' हे सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. यंदा गणपतीला मुंबई-पुण्याची मंडळी घरी येतील तेव्हा एक दुपार आरतीनंतर पत्त्यांऐवजी अल्बम काढा, आजीला मधे बसवा, आणि एकानं पेन्सिल हातात घ्या.